तेल न लावलेली बाई

हरारे, १४ मे

प्रिय आत्या,

इथूनच दोन्ही तळवे जुळवून टाळी वाजवते आणि नमस्कार करते, गुरुवेत ऐकू आला असं समजा. तुम्ही नीट झोपला असाल, तर मीही नीट झोपले आहे.

बातमी आधीच सांगते, नाहीतर तुम्ही कागद उलटून शेवट आधी वाचाल. माझी दगडाची बाई म्बारेच्या बाजारात बसणार! बसतळाच्या तोंडाशी, टोमॅटोवाल्यांच्या ओळीला लागून. मुसासा गॅलरीने शहरातल्या मोकळ्या जागांसाठी कामं मागवली होती. मोठमोठे शिल्पकार टपून बसले होते, आणि म्बारेची जागा मिळाली तुमच्या भाचीला. जून ते ऑगस्ट, थंडीचे महिने ती तिथे राहील. मग गॅलरीचे प्रमुख मिस्टर मारेरे आणि त्यांची समिती ठरवणार, तिला बाजारात कायमची ठेवायची की उचलून न्यायची. तोवर माझा जीव टांगणीला.

दगड आपल्याच टेकडीचा. आतोबांनी शेवटचा काढून ठेवला होता, तोच. बाई जमिनीवर पाय लांब पसरून बसली आहे, माणसापेक्षा चांगली दीडपट मोठी. शेजारी सपाट दगडांची चटई केली आहे, दोघं-तिघं आरामात बसतील अशी, आणि समोर एनॅमलची रिकामी परात. परातही कामातच धरायची आहे, हसू नका. बाई, चटई, परात आणि शेजारी येऊन बसणारी माणसं, सगळं मिळून एक काम. गॅलरीवाले त्याला इन्स्टॉलेशन म्हणतात. लोकांनी तिच्याजवळ बसावं, गप्पा माराव्यात, एवढंच मला हवं आहे.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. मी तिला पॉलिश करणार नाहीये. छिन्नीचे घाव तसेच, दगड राखाडीच. हल्ली शहरात चकचकीत दगडाला कुणी विचारत नाही. ते प्रवाशांच्या दुकानात शोभतं, म्हणतात.

उद्घाटन एक जूनला आहे. मुकान्या ड्रायव्हरच्या बसने या. पत्रही त्याच्याच हाती देते आहे, कारण तुमच्या टेकडीमागे फोन लागला तर तो चमत्कारच.

तुमची,
रुवाराशे


गुरुवे, २२ मे

चिहेरा,

आज तुला देवकाच्या नावानेच हाक मारते, कारण तू ते राखलंस. इलंड हरणाच्या कुळातल्या बायका कुणाच्या बापाला ऐकत नाहीत असं लोक म्हणतात. म्हणू देत. न ऐकणारीलाच म्बारेची जागा मिळाली ना?

तुझ्या बापाने पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि दुकानापासून चर्चपर्यंत वाचून दाखवत फिरला. माझा भाऊ आहे, पण तोंडाला लगाम नाही. परवापर्यंत ती बाई माणसाच्या दीडपट होती, आज त्याच्या सांगण्यात ती जिराफाएवढी झाली आहे. मीही त्याला अडवलं नाही. ऐकायला बरं वाटत होतं.

पण पॉलिशचं वाचलं आणि माझं डोकं तडकलं. उभा जन्म मी काय केलं, ग? तुझ्या आतोबांनी टेकडीतून दगड काढायचे, पुरुषांनी कोरायचे, आणि मग तो दगड माझ्या अंगणात यायचा. थंड पाण्यात पॉलिश पेपर बुडवून घासायचा, आगीशी तापवायचा आणि गरम असतानाच मेण चोळायचं. तेव्हा कुठे राखाडी धोंड्याचा काळाभोर दगड होतो. खाली नाव मात्र कोरणाऱ्याचं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, आज वाटलं. प्रवाशांच्या दुकानात शोभतं म्हणे! त्या दुकानांनीच तुला शाळेत घातलं.

आणि जूनच्या कोरड्या थंडीत, पांढऱ्याफटक पायांची बाई भर बाजारात बसवायची? आपल्याकडे पोरगी नळावर पाणी आणायला निघाली तरी पायांना व्हॅसलीन चोपडून निघते. लोक म्हणतील, हिला विचारणारं कुणी नाही का?

मी येत नाही. गुडघे दुखतात, आणि कोंबडी अंड्यांवर बसली आहे. मेणाची पेटी तुझे आतोबा गेल्यापासून बंद आहे. तुला तिची गरज नाही हे बरंच झालं.

मुकान्याकडे भुईमुगाच्या शेंगा दिल्या आहेत. अर्ध्या त्याने वाटेत खाल्ल्या, तर त्याला माझ्या वतीने शिव्या दे.

तुझी आत्या,
माइदेइ


हरारे, ९ जून

प्रिय आत्या,

शेंगा पोचल्या, अर्ध्याच. शिव्या दिल्या. तो म्हणाला, "म्हातारीला सांग, टरफलं जड होती, बस चढ चढेना."

उद्घाटन झालं. मिस्टर मारेरे इतका वेळ बोलले की टोमॅटोवाल्या मधूनच उठून गिऱ्हाईक करून आल्या. सगळं छान झालं आणि मग सगळं बिघडलं.

आत्या, माझ्या चटईवर कुणी बसतच नाही. दिवसभर ज्या बायका बसस्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडतात, त्या माझ्या बाईजवळ आल्या की आवाज खाली आणतात. पुरुष टोपी काढतात. म्हाताऱ्या जरा वाकून, हलकी टाळी वाजवून पुढे जातात. आणि परातीत वस्तू टाकतात! पहिल्या दिवशी मूठभर मक्याचं पीठ होतं. मग काड्यापेटी, मग टोमॅटो, मग एक डॉलरची मळकी नोट. मिस्टर मारेरेंनी परात पाहिली आणि त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. "मिस चिहेरा," मला म्हणाले, "लोक तुमच्या कलाकृतीला भिकारीण समजतायत." आता त्यांनी तिथे पाटी लावली आहे, 'कृपया काही टाकू नये'. लोक पाटी वाचतात आणि तिच्या आडून टाकतात.

मी रोज संध्याकाळी जाऊन परात रिकामी करते आणि लाजेने कुणाकडे बघत नाही. एवढी वर्षं छिन्नी घासली ती भिकारीण कोरायला का? समिती तिला ठेवणार नाही. मला तरी अशी ठेवायची आहे का, तेच आता कळत नाही.

तुमची,
रुवाराशे


गुरुवे, १८ जून

वेडे,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की पिल्लांवर बसलेली कोंबडी उठून पळाली. मग हसू आपोआप थांबलं.

शहरात राहून तुझे डोळे गेले का? भिकाऱ्याला कुणी काड्यापेटी देतं? पुरुष टोपी कुठे काढतात, आवाज कुठे खाली जातो, पिठाची मूठ घेऊन माणूस कुणाच्या दारात जातो? तो दुखवटा आहे, पोरी. भिकारीण समजून कुणी काही टाकत नाहीये. बाई जमिनीवर बसली आहे, पाय पसरलेले, अंग कोरडं, कित्येक दिवस तेलाचं बोट लागलेलं नाही, समोर परात. हिच्या घरात माणूस गेलं आहे हे बाजारातल्या कुत्र्यालाही कळेल. अशा बाईशेजारी कोण टोमॅटोचे भाव बोलत बसणार? त्या बायका आपल्या गल्ल्यातलं काढून दुखवट्याला येतायत, आणि तू लाजेने मान खाली घालून ते उचलून नेतेस! परात रिकामी करू नकोस. ज्याला गरज आहे तो घेईल, दुखवट्याच्या घरात तसंच असतं.

मारेरेसाहेबांना म्हणावं, अख्ख्या म्बारेला समजली अशी बाई माझ्या भाचीने केली आहे. तुम्ही तेवढे राहिलात.

आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. मुकान्या तुझी बाई बघून आला. नेहमीची थट्टा सोडून गप्प बसला होता. मी खोदखोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, "तिच्या डाव्या पायाला करंगळी नाही." रुवाराशे, टेकडीवरून दगड उतरवताना करंगळी गेलेली बाई मला एकच माहीत आहे. रोज सकाळी तिच्या पायात मी चप्पल घालते.

ती कोण आहे ते तू मला लिही. खोटं लिहू नकोस.

माइदेइ


हरारे, २ जुलै

प्रिय आत्या,

तुम्हीच आहात.

आतोबांना नेलं त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. आत बायका आक्रोश करत होत्या, कुणी छाती पिटत होतं, आणि तुम्ही भिंतीला पाठ न टेकता ताठ बसला होतात, पाय लांब करून. तळपायांना टेकडीची धूळ तशीच होती. तुम्ही रडला नाहीत. आल्यागेल्याला टाळी वाजवून उत्तर देत होतात. मला वाटलं, ही माझी आत्या आहे, हिला सगळ्या जगाने पाहावं. तेव्हापासून ती माझ्या हातात होती.

आणि पॉलिशचं मी खोटं लिहिलं. शहरात कोण काय म्हणतं, त्याच्याशी मला काही घेणं नाही. आतोबांच्या शेवटच्या दगडाला मेण लावायला तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाचा हात मला चालला नसता, आणि तुमच्याकडे मागायला जीभ उचलली नाही. वर्षाचा विधी होऊन गेला, काळे कपडे उतरले, पण ईस्टरला आले तेव्हा मी तुमचे पाय पाहिले. अजून कोरडेच. मेणाच्या पेटीवर धुळीचा थर. म्हणून म्हटलं, राहू दे दगडही तसाच. त्याने तुमचा अपमान होईल हे माझ्या टाळक्यात आलं नाही. पाया पडते.

दुखवट्याचं मी मिस्टर मारेरेंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घालून बाईकडे नव्याने पाहिलं. तेव्हापासून ते बदललेच आहेत. म्हणतात, असं काम धुळीत ठेवायचं नसतं. थंडी संपली की तिला गॅलरीच्या मोठ्या दालनात, दिव्यांच्या उजेडात ठेवू. त्या दालनात आजवर आपल्या बाजूच्या कुणाही बाईचं काम लागलेलं नाही, आत्या. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

रागावला असाल तर रागाचंच पत्र लिहा, पण लिहा.

रुवाराशे


हरारे, ३ ऑगस्ट

प्रिय आत्या,

महिना झाला, तुमचा कागद नाही. मुकान्या म्हणतो, म्हातारी ठणठणीत आहे, पण चेहरा वाचता येत नाही.

इथे एक प्रकार झाला आहे. गेल्या आठवड्यात गेले तर बाईचे गुडघे चमकत होते. दुसऱ्या दिवशी नडग्या, मग पावलं. दगड तिथे काळा पडत चालला होता, तुमच्या अंगणात पडायचा तसाच. खरं सांगू, मला तुमचाच संशय आला. वाटलं, तुमच्यातल्या चिहेराला राहवलं नाही, गुपचूप येऊन घासून जाते. मुकान्याला दमात घेतलं, तो शपथेवर नाही म्हणाला.

मग मी पहाटे बाजार भरताना जाऊन उभी राहिले. टोमॅटोवाल्यांपैकी ताफाराची आई आली, गाठोडं उतरवलं, स्वतःच्या पायांना व्हॅसलीन लावलं आणि उरलेलं बोटांवरचं माझ्या बाईच्या पायांना! मी ओरडलेच. "हे काय करताय?"

डबीचं झाकण लावत ती म्हणाली, "तू केलीस ना ही? मग तूच सांग, किती दिवस बसवणार आहेस तिला तशी? आम्ही दुखवटा दिला, पीठ दिलं, गप्प बसून दाखवलं. झालं की आता. या थंडीत तिच्या पोटऱ्यांवर भेगा बघवत नव्हत्या आम्हाला. हिला एक तरी नणंद-भावजय आहे का, जी म्हणेल, ऊठ बाई, पुरे?"

आत्या, आता त्या चटईवर बसतात! शेंगा सोलतात, पोरं झोपवतात, मेलेल्या नवऱ्यांच्या आणि जिवंत नवऱ्यांच्या गोष्टी सांगतात. कुणीतरी तिच्या खांद्यावर अंगावरचं कापड टाकलं आहे.

मिस्टर मारेरे मात्र कपाळाला हात लावून बसले आहेत. कलाकृतीची नासाडी झाली, म्हणतात. शनिवारी माणसं आणणार, तेलकटपणा धुऊन काढणार आणि तिला तिथून थेट दालनात हलवणार. तिथे दोरी बांधलेली असेल, कुणाचा हात लागणार नाही. मी तिथे उभं राहून हो म्हणायचं आहे. नाही म्हटलं तर गॅलरी हात झटकणार. तिचं जे होईल ते बाजाराचं आणि माझं.

मी कोरली होती ती बाई शोकातली होती. या बायकांनी ती बदलली. ती आता माझी आहे का, तेही कळत नाही. मोठं दालन माझ्या स्वप्नात येतं, खोटं कशाला बोलू. तुमचे पाय आहेत, आत्या, तुम्हीच सांगा. शनिवारच्या आत उत्तर आलं तर बरं होईल.

रुवाराशे


गुरुवे, १२ ऑगस्ट

माझ्या पोरी,

शनिवारच्या आत उत्तर आलं नाही म्हणून तू मला मनात काय काय म्हटलं असशील, मला माहीत आहे. तुझ्या वयाची असताना मीही तेच म्हटलं असतं. पण उत्तर कागदावर घालता येईना, म्हणून मीच बसमध्ये बसले. मुकान्याला सांगितलं, तोंड उघडलंस तर तुझ्या शेंगा बंद.

शनिवारी तू मारेरेसाहेबांशी बोलत होतीस तेव्हा मी टोमॅटोच्या खोक्यांमागे बसले होते, डोक्यावरून कापड ओढून. बाजारातल्या म्हातारीकडे कोण बघतंय? समोर माझीच पावलं होती, केवढी मोठी! वर माझीच ताठ पाठ. त्या दिवशी मी ताठ बसले होते हे मला आठवतच नव्हतं. मला वाटायचं, मी कोसळले होते. इतके दिवस तसंच वाटत आलं. तू दगडात कोरून दाखवलंस तेव्हा कळलं.

मग ते बादल्या आणि ब्रश घेतलेले लोक आले, दोर आला, गाडी आली. साहेब म्हणाले, "मिस चिहेरा, फक्त हो म्हणा." मी खोक्याची कड अशी धरून बसले होते की शेजारच्या कोबीवालीने विचारलं, आजी, पाणी देऊ का? मला उठून ओरडावंसं वाटत होतं. ओरडले नाही, कारण म्बारेची जागा तुला मिळाली होती, उत्तरही तूच द्यायचं होतं.

तू मागे वळलीस. ताफाराच्या आईपुढे हात पसरलास, तिने डबी दिली. सगळ्या सुटाबुटातल्या लोकांसमोर तू गुडघ्यांवर बसलीस आणि बाईच्या डाव्या पावलाला, करंगळी नाही तिथे, व्हॅसलीन चोळलंस. हळू, माझ्या अंगणात शिकलीस तसं, गोल गोल. मग उठून साहेबांना म्हणालीस, "काम आत्ता पुरं झालं. ती इथेच राहील. तुम्हाला बघायची असेल तर बस पकडून या." अग, बायकांनी जी जिभा वळवून किलकारी फोडली, ती गुरुवेपर्यंत गेली असेल! मारेरेसाहेब बिचारे बूट काढून चटईच्या कडेला बसले. तो माणूस वाईट नाही. त्याला ताफाराच्या आईने शेंगा दिल्या, त्याने खाल्ल्या. समितीला तो आता काय सांगणार, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

मी सगळ्यांना ओरडून सांगणार होते, ही माझ्या भावाची मुलगी, ही चिहेरा, हिला छिन्नी धरायला आम्ही शिकवलं. पण तू रडली असतीस, तुला बघून मी रडले असते. आपल्या कुळाचं नाव तू नुकतंच एवढं वर नेलं होतंस, ते मी लगेच खाली कशाला आणू?

तू गेल्यावर मी बाईशेजारी चटईवर जाऊन बसले. गुडघे दुखत होते, म्हणून चप्पल काढून पाय लांब केले. ताफाराची आई टोमॅटो रचत होती. तिची नजर माझ्या डाव्या पायावर गेली. मग दगडाच्या पायावर. मग माझ्या तोंडावर. हातातला टोमॅटो खाली पडला आणि तिने तो उचललाही नाही. खाली बसली, टाळी वाजवली आणि विचारलं, "आई, तुम्हाला आमचा दुखवटा पोचला ना?"

मी म्हटलं, "पोचला."

ती जवळ सरकली. डबी उघडली आणि माझे दोन्ही पाय मांडीवर घेतले.

मारेरेसाहेबांनी खाली पाटी लावलीच तर तुझं नाव मोठ्या अक्षरात घालायला सांग. त्याच्या खाली माझं. आतोबांचंही, दगड त्यांचा आहे. आणि तुझ्या अंगणात कोरलेला दुसरा एखादा दगड असेलच, तो मुकान्याच्या बसवर टाकून पाठव. मी पेटी उघडली आहे. मेण अजून चांगलं आहे, आणि चूल पेटवून ठेवली आहे.

तुझी आत्या,
माइदेइ